तिसऱ्या बस्त्यातली नावाडीण

माझ्या मोबाईलच्या पडद्यावर एक नकाशा होता. जगात कुठंच नसलेल्या एका देशाचा. डोंगर, किल्ले, दोन नद्या आणि वरच्या कोपऱ्यात एक होकायंत्र. उदगीरच्या मोजणी ऑफिसात रुजू होऊन मला चार दिवस झाले होते, काम अजून कुणी दिलं नव्हतं, म्हणून मी तो नकाशा न्याहाळत बसले होते. शेजारच्या टेबलावरचे भूकरमापक पाणी प्यायला उठले, माझ्या खुर्चीमागं थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले,

"म्याडम, हा नकाशा चुकलाय."

"सर, हा खरा नकाशा नाही. गोष्टीतला आहे."

"ते मालूम हाय. गोष्टीतला हाय म्हणून तर चुकायला नको. दुसऱ्या भागात राणीचा दूत किल्ल्यावरून निघतो, तवा सूर्य त्याच्या डाव्या हाताला उगवतो. म्हंजे तो दक्षिणेला चाललाय. दुपारी नदी ओलांडतो. अन् हितं नदी किल्ल्याच्या उत्तरेला दावलीय. मग त्यानं ओलांडली काय, गटार?" मग जरा वाकून बघितलं आणि तुच्छतेनं पुढं म्हणाले, "हा पिच्चरवाल्यांचा नकाशा दिसतोय. पुस्तकातला न्हाई."

माझ्या हातातून मोबाईल पडायचा राहिला. हदगावहून येताना मी एक गुप्त अहंकार सोबत आणला होता. ही कादंबरी सबंध मराठवाड्यात फार तर पाच जणांनी वाचली असेल आणि त्यांत मी एक, असं मला वाटायचं. आणि इथं पांढरा शर्ट, खिशात सहा इंची पट्टी, उन्हानं काळी पडलेली मान, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला एक मोजणीवाला मला त्या देशातल्या दिशा शिकवत होता. त्या दिवशी घरी जाऊन मी दुसरा भाग काढला. सूर्य डाव्या हातालाच उगवत होता. मी तो भाग चारदा वाचला होता आणि सूर्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.

कादंबरीचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण साहेबही, म्हणजे ते भूकरमापक, ते कधी उच्चारत नसत. ऑफिसात जुने कागद लाल कापडात बांधून ठेवतात, त्याला बस्ता म्हणतात. साहेबांसाठी त्या कादंबरीचे तीन जाडजूड खंड म्हणजे तीन बस्ते. पहिला बस्ता त्यांना लातुरात, शिकवण्यांच्या गल्लीतल्या एका रद्दीच्या दुकानात मिळाला होता. परीक्षा संपलेल्या कुणा पोरानं पुस्तकांच्या ढिगात तोही टाकून दिला होता. साहेबांनी तो घेतला तो आतला नकाशा बघून. "नकाशा दिसला की हात थांबतो," असं ते म्हणत. इंग्रजी यथातथाच. शब्दकोश मांडीवर घेऊन दीड वर्षात त्यांनी पहिला बस्ता संपवला, आणि संपल्यावर लगेच पहिल्या पानापासून पुन्हा धरला, कारण पहिल्या वाचनात अंतरं मोजायची राहून गेली होती.

"मोजल्याबिगर बोलू नये" हे त्यांचं एकमेव सुभाषित. ते चालतानाही पावलं मोजत. मधे कुणी नमस्कार घातला तर हात वर करत, पण ओठ हलत राहत. बांधाच्या मोजणीला गेले की दगड रोवून होईपर्यंत दोन्ही बाजूंचा चहा घेत नसत. स्वतःचा थर्मास न्यायचे. एकदा एका गावात दोन सख्खे भाऊ हातभर पट्टीसाठी त्यांच्या पायाशी बसले, थोरला अक्षरशः रडला. साहेबांनी त्याला उठवून पाणी पाजलं, पाठीवर हात ठेवला आणि दगड जिथं निघाला होता तिथंच रोवला. त्या तालुक्यात लोक म्हणायचे, ह्या माणसाची मोजणीची साखळी वाकत नाही.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन बस्ते कुठं ठेवलेत ते बघितलं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याखाली फळी आणि फळीवर पुस्तकं. मी एक उचलायला गेले तर म्हणाले, "काढा की. पर हितं ठेवलेलं सगळं वाचलेलं हाय बरं का. ह्या फोटोखाली बिगर वाचलेलं पुस्तक ठेवायचं न्हाई, असा आमच्या वडलांचा कायदा. ते सालगडी हुते. त्यांची दोनच पुस्तकं हुती, पर दोन्ही पाठ."

आता त्यांच्या पायपिटीबद्दल सांगते, म्हणजे माणूस कळेल. पहिल्या बस्त्यात दोन भाऊ पाठीवर धान्याची पोती घेऊन मिठाच्या बाजारापासून खिंडीपर्यंत चार दिवसांत चालत जातात. साहेबांना शंका आली की चार दिवस खरे की लेखकाची थाप. नकाशावरचं अंतर काढलं. पण ओझं घेतलेला माणूस दिवसाला किती चालतो, हे कोण सांगणार? मग पहिला सिनेमा येऊन गेल्यावर एका रविवारी त्यांनी पिशवीत दहा किलो ज्वारी भरली, ती पाठीला बांधली आणि उजाडताना उदगीरच्या किल्ल्यापासून चालायला लागले. दिवस मावळला तिथं थांबले आणि एसटीनं परत आले. सोमवारी ऑफिसात चपला हातात घेऊन बसलेले. दोन्ही टाचांना फोड. शिपायापासून वरिष्ठांपर्यंत सगळे हसून बेजार.

"सव्वीस किलोमीटर," ते मला हळूच म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "लेखकाचे चार दिवस बरोबर हायत म्याडम. पिच्चरमधी हेच भाऊ एका गाण्यात पोचतेत. लेखक चालणारा माणूस हाय. डायरेक्टर गाडीतनं फिरणारा."

मी हसले, पण नजर त्यांच्या टाचांवरच राहिली. आपण ज्याला आवड म्हणतो ती आवड नसतेच, नुसता चाळा असतो, असं त्या फोडांकडं बघून वाटलं.

सिनेमे एकेक वर्षाच्या अंतरानं येत होते. पहिला आला तेव्हा मी आणि साहेब लातूरला गेलो. माझ्या फोनवरच्या सिनेमावेड्यांच्या एका गटातली कॉलेजची चार-पाच पोरंही तिथं भेटली. सिनेमा सुटल्यावर बाहेर चहाच्या गाड्यावर जुंपली. पोरं म्हणत होती की सिनेमा भारी, पुस्तकात नुसती वर्णनं. मी तावातावानं उलट बोलत होते. साहेब बशीत चहा ओतून गप्प. शेवटी एक पोरगा त्यांना म्हणाला, "काका, पुस्तक पुस्तक असतंय, पिच्चर पिच्चर असतोय. कशाला तुलना?"

"हाव," साहेब म्हणाले. "शेत शेत असतंय, नकाशा नकाशा असतोय. पर बांध दोन्हीत एकाच जागी पायजे."

आणि पिशवीतून त्यांनी कोरे कागद काढले. पंचनामा करायला!

त्यांना दुसरी रीतच ठाऊक नव्हती. जागेवर जायचं, समोर जे आहे ते लिहायचं, हजर असलेल्या दोघांना पंच करायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि सह्या घ्यायच्या. चार रकाने होते: बस्त्यात, पडद्यावर, फरक, शेरा. "किल्ल्याचे दरवाजे: बस्त्यात तीन, पडद्यावर एक. दोन दरवाजे गहाळ." "धाकट्या भावाचे वय: बस्त्यात पन्नाशी, पडद्यावर पंचवीस. शेरा: दाढी चिकटविलेली दिसते." पोरं गडाबडा लोळायची बाकी होती. पण पुढचं कलम ऐकून ती गप्प झाली. थोरल्या भावाचा घोडा मरतो, ते पुस्तकात एका ओळीत उरकलंय. सिनेमात तो घोडा पडल्यावर बराच वेळ कसलाच आवाज नाही, संगीत नाही, नुसता वारा. साहेबांनी लिहिलं होतं: "फरक: पडद्याने वाढविले. शेरा: इथे पडदा जिंकला." ज्याच्याशी भांडतोय त्याच्या बाजूचा दगडही हा माणूस बरोबर जागी रोवत होता. सिनेमा भारी म्हणणाऱ्या त्या पोरानं पहिली सही केली, दुसरी मी.

त्या दिवसापासून मी त्यांची कायमची पंच झाले. काकूंना ते आवडलं नव्हतं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. साखरेच्या आजारानं पाच वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. आधी सकाळचं ऊन तेवढं कळायचं, मग तेही गेलं.

"मला पंच कामून करत न्हाईत?" त्या माझ्यासमोरच विचारायच्या.

"पंचानं डोळ्यानं बघितलेलं पायजे," साहेब म्हणायचे. "ऐकीव चालत न्हाई."

"बगा. चाळीस वर्सं ह्यांचं ऐकून घेतले, अन् आता माझं ऐकीव चालत न्हाई."

रोज ऑफिस सुटल्यावर साहेब ओसरीवर पाय धुऊन बसायचे आणि दिवेलागणीपर्यंत काकूंना बस्ता वाचून दाखवायचे. पान इंग्रजी, तोंडातून निघायची ती थेट उदगिरी. मी कितीतरी संध्याकाळी तिथं बसून ऐकलंय. मूळ पुस्तकात राणी मोठ्या भारदस्त भाषेत दरबार बरखास्त करते. साहेबांची राणी म्हणायची, "उठा आता, लई झालं, ज्याच्या त्याच्या घरी जावा." आणि खरं सांगते, मला ती राणी जास्त पटायची. काकू मधेमधे अडवायच्या. "थांबा. ह्या प्रधानाच्या मनात काय तरी हाय. लई गोड बोलायलाय." तो प्रधान पुढं दोनशे पानांनी फितूर निघाला. मला तो पहिल्या वाचनात साधा माणूस वाटला होता.

तिसऱ्या बस्त्यात एक नावाडीण आहे. सगळी मिळून वीस पानं. लढाई हरलेलं सैन्य आणि त्यांच्यासोबत गावंच्या गावं पळत नदीकाठी येतात. पूल नाही, एकच नाव आणि तिच्यावर ही म्हातारी. ती नावेचं भाडं घेत नाही. नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला एवढंच विचारते, गाव कोणतं? ज्यांची गावं जळाली त्यांनीही सांगायचं. वल्हवताना ती तेवढी नावं म्हणत राहते. पैलतीरावर उतरलेल्या माणसांना पुढं काय होणार ते माहीत नसतं, पण आपलं गाव कुणीतरी ध्यानात ठेवलंय एवढं माहीत असतं.

काकूंचं माहेर धरणात गेलेलं. बाभळखेडा. लग्नानंतर सहा-सात वर्षांत पाणी चढलं आणि माणसं चार दिशांना गेली. ती वीस पानं साहेबांनी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मी ओसरीवर होते. म्हातारीनं "गाव कोणतं?" विचारलं आणि साहेब पुढचं वाक्य वाचणार, तेवढ्यात काकू बोलल्या, "बाभळखेडा." साहेब थांबले. मग पुस्तकात नसलेलं वाक्य त्यांनी वाचलं नाही, काही वाढवलं नाही, नुसतं पान उलटलं. पण त्यानंतर काकू अधूनमधून ती पानं पुन्हा मागायच्या आणि पुस्तकाची तेवढी कड काळी पडली होती.

तिसरा सिनेमा येणार म्हटल्यावर काकूंनी जाहीर केलं, "ह्या टायमाला मी येणार."

नजर गेल्यापासून त्या दवाखाना सोडून कुठं गेल्या नव्हत्या. लग्नाला नाही, बारशाला नाही. लोकांनी हात धरून खुर्चीत बसवलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. आणि त्या लातूरला सिनेमाला निघाल्या होत्या. "मला तिचा आवाज ऐकायचाय," म्हणाल्या. "ह्यांच्या तोंडून तिचा आवाज बाप्यावाणी येतो."

साहेबांनी ऑफिसात ही बातमी मला इतक्या आनंदानं सांगितली की मला रडू यायचं बाकी राहिलं. कारण त्याच सकाळी मी फोनवर वाचलं होतं की सिनेमात नावाडीण नाही. लांबी कमी करायला तो सगळा भाग वगळला होता. मी सांगून टाकलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बघितलाव का ऐकलाव?"

"वाचलं, सर."

"म्हंजे ऐकीवच." जरा वेळानं म्हणाले, "जागेवर जाऊन बघू." पण त्या दिवशी घरी जाताना त्यांचे ओठ हलत नव्हते. पहिल्यांदाच ते पावलं न मोजता चालले होते.

दुपारचा खेळ होता. मधे काकू, एका बाजूला साहेब, दुसरीकडं मी. काकूंनी ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती आणि खुर्चीचे हात चाचपून बघत होत्या. सिनेमा सुरू झाला तसे साहेब त्यांच्या कानाशी वाकले आणि दिसेल ते सांगू लागले. अगदी मोजून. "उजव्या अंगाला डोंगर. तीन घोडे. पुढचा पांढरा. राणी खाली उतरली. डोक्यावर काय न्हाई, मुकुट हातात धरलाय." एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. आपल्या आवडीच्या माणसालाही रंगवून सांगत नव्हते. मी सिनेमा सोडून त्यांचंच ऐकत होते.

मग सैन्य हरलं. माणसं पळत नदीकाठी आली. पडद्यावर नदी होती, आणि नदीवर पूल होता. भलामोठा दगडी पूल. घोडे त्यावरून धडाधड पलीकडं गेले, मागून शत्रू आला, पुलावरच तलवारबाजी सुरू झाली.

साहेब थांबले. काकूंनी मान त्यांच्याकडं वळवली. त्या काही विचारत नव्हत्या, नुसत्या थांबल्या होत्या. मी डोळे मिटून घेतले. आता हा माणूस म्हणणार, पूल हाय. तो दुसरं काही म्हणूच शकत नाही. रडणाऱ्या भावासाठी ज्यानं हातभर दगड सरकवला नाही, तो दुसरं काय म्हणणार?

"नाव आली," साहेब म्हणाले.

मी डोळे उघडले. पडद्यावर मुंडकी उडत होती आणि साहेब काकूंच्या कानात सांगत होते, "लहानशी नाव हाय. म्हातारी हुबी हाय, साडी वर खोचलेली. हात लई बारीक हायत, पर वल्हं धरलंय ते घट्ट. माणसं चढायलीत. एक बाई लेकराला घेऊन चढली." वीस पानं त्यांना पाठ होती. पूल कोसळला, हत्तीसारखं काहीतरी जनावर नदीत पडलं, सगळं थेटर ओरडलं, आणि साहेबांनी आवाज न चढवता ती नाव मधोमध आणली. "आता हिकडं बघायली. इचारायली, गाव कोणतं."

"बाभळखेडा," काकू मोठ्यानं म्हणाल्या.

पुढच्या रांगेतला एक माणूस त्रासून मागं वळला, आणि काकूंचा चेहरा बघून पुन्हा पुढं वळला. मी आयुष्यात बरेच सिनेमे बघितलेत. त्या दुपारी तिसऱ्या बस्त्याचा जो सिनेमा मी पाहिला, त्याच्या जवळपास काही येत नाही. दगड न हलवणाऱ्या माणसानं सबंध पूल उचलून बाजूला ठेवला होता. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. शेजारी काकू नसत्या तर पडलेही असते.

परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसून वारा घेत होत्या. साहेब कोऱ्या कागदांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. पंचनामा त्या दिवशी झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, ऑफिसात निरोपाच्या हाराची चर्चा चालू होती, आणि मला दिसत होतं की माणूस आतून सुकतोय. मी समजून होते. लिहायचं तर खरं लिहावं लागणार, आणि पंचनामा मोठ्यानं वाचून दाखवावाच लागतो. तो त्यांच्याच ओसरीवर वाचला जाणार, काकूंच्या समोर. खोटं लिहिलं तर चाळीस वर्षांची साखळी वाकली. न लिहिलं तर तिसरा बस्ता कायमचा उघडा राहिला.

शेवटच्या शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं. काकू जात्याजवळच्या आपल्या जागेवर बसल्या होत्या. साहेबांनी वाचायला सुरुवात केली. किल्ल्याची तटबंदी, राणीचा मुकुट, प्रधानाची फितुरी. दहा कलमं झाली. अकरावं आलं.

"कलम अकरा. नावाडीण. बस्त्यात हजर." आणि गप्प झाले. कागद मला दिसत होता. पुढचे तिन्ही रकाने कोरे होते.

मी पदराशी खेळत बसले. बाहेर कुणाचीतरी मोटारसायकल सुरू होत नव्हती.

"थांबलाव कामून?" काकू म्हणाल्या. "पडद्यावर गैरहजर. लिवा की."

साहेबांनी मान वर केली.

"धरणाच्या आधी मी रोज नावंतनं शाळंला जात हुते," काकू म्हणाल्या. "पाण्यात वल्हं पडतंय तो आवाज मी झोपंत वळखीन. तितं नुसत्या घोड्याच्या टापा हुत्या. अन् दगडावरच्या. पूल हुता न्हवं?"

"हाव," साहेब म्हणाले. त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "पूल हुता."

"मग लिवा, पूल हुता. तुमच्या कागदात खोटं नको. चाळीस वर्सं न्हाई लिवलाव, आता माझ्यापायी कशाला?" मग जरा थांबून म्हणाल्या, "पर शेरा कोरा ठिवू नका. पडद्यावर न्हवती, पर माझ्या खुर्चीपशी आली हुती. मला गाव इचारली. मी सांगितले. तेबी घडलंय. तेबी लिवा."

साहेबांनी चष्मा काढला. डोळे पुसले, चष्मा घातला, पेन उघडलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्याडम, तिकिटं मोबाईलवर हायत न्हवं? काढा. खुर्चीचा नंबर बघून लिहितो. अंदाजानं नको."

मी तिकिटं काढून दाखवली. त्यांनी दोनदा तपासून घेतली आणि लिहिलं: "पडद्यावर गैरहजर. पडद्यावर दगडी पूल. शेरा: ओळ 'जे', खुर्ची क्रमांक सात येथे नावाडीण हजर. गाव विचारले. बाभळखेडा असे सांगण्यात आले."

मी सहीसाठी पेन उचललं तर त्यांनी हातानं थांबवलं. फळीवरून शिक्क्याची जांभळी शाई आणली, काकूंपुढं बसले आणि सगळा पंचनामा पहिल्या कलमापासून पुन्हा वाचला, रीतीप्रमाणं, शेवटच्या ओळीपर्यंत.

"पंच क्रमांक एक. वाचून दाखविला. बरोबर आहे का?"

काकूंनी अंगठा पुढं केला. "बरोबर हाय," म्हणाल्या.